आत गेलेली हवा

१

चैत्र संपत आला की धुळ्याच्या पाचव्या गल्लीत दुपारी अशी एक वेळ येते, की कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडायचा विचार सोडून देतात. रतिलाल ओस्तवाल यांच्या भांड्यांच्या दुकानाचे शटर त्या वेळी अर्ध्यावर ओढले जाई. रतिलालशेठ गादीवरच आडवे होत आणि त्यांचा मुलगा संयम मागच्या लाकडी जिन्याने माळ्यावर जाई.

माळ्यावर पूर्वी भांड्यांचे खोके असत. आता तिथे एक लांब टेबल होते, वाकवता येणारा दिवा होता, भिंगे, चिमटे, पाती, रंगांच्या बाटल्या होत्या आणि टेबलाच्या मध्यभागी एक युद्धनौका होती. ‘गिरणा’ नावाची ही नौका खरी होती तेव्हा दोनशे पटींनी मोठी होती. ती भंगारात जाऊनही बरीच वर्षे लोटली होती.

“समुद्र इथून केवढा लांब! पांझरेत घोटाभर पाणी नाही, आणि आमच्या माळ्यावर आरमार,” रतिलालशेठ रोज एकदा तरी म्हणत. “गिऱ्हाईक विचारतं, पोरगा काय करतो? काय सांगू, जहाजं बांधतो?”

“सांगा की, पप्पा. फक्त किती मोठी, ते सांगू नका.”

संयमने भौतिकशास्त्रात एम. एस्सी. केले होते आणि पीएच. डी.च्या प्रवेशाची वाट पाहत तो दुकानात बसत होता. स्वभावाने तो जपून वागणारा. मोजल्याशिवाय कापायचे नाही आणि सुकवून पाहिल्याशिवाय चिकटवायचे नाही, ही त्याची रीत होती. माळ्यावर काम सुरू करताना तो पंखा बंद करी, कूलर बंद करी, खिडकीही लावून घेई. कारण या कामातले काही भाग इतके हलके असतात, की शिंक आली तरी ते कायमचे हरवतात. उकाड्याची त्याची तक्रार नसे. हवा हलत नाही, याचेच त्याला समाधान वाटे.

ही विद्या त्याला अन्वरचाचांनी दिली होती. लहानपणी संयमला दमा होता. गल्लीतली पोरे क्रिकेट खेळत आणि हा ओट्यावर बसून छाती भात्यासारखी हलवत त्यांच्याकडे बघे. शेजारी मोटार-पंपांच्या दुरुस्तीचे दुकान चालवणारे चाचा एकदा त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, “श्वास घ्यायची घाई करू नको, बेटा. आधी आतला सोड. आतला सुटला, की बाहेरचा आपोआप येतो.” डॉक्टरांच्या औषधाने दमा हटला, हे संयमला माहीत होते. पण पहिल्यांदा तो न घाबरता झोपला, ते त्या वाक्यामुळे, हेही त्याला माहीत होते. पुढे चाचांनीच त्याला प्लॅस्टिकच्या जहाजाचे पहिले खोके आणून दिले. “धावता येत नाही ना? मग बसून समुद्रावर जा.”

त्या आठवड्यात परदेशातून मागवलेले पाकीट आले. मूळ संचात नौकेचे भाग ओबडधोबड असतात. म्हणून हौशी मंडळी वरचे सामान वेगळे मागवतात. लेथवर कातलेल्या पितळी नळ्या, खरा लाकडी डेक, आणि रसायनाने कोरलेले कागदासारखे पातळ पितळी पत्रे, ज्यांतून रेलिंग, शिड्या आणि रडारच्या जाळ्या सोडवून घ्यायच्या असतात. संयमने पाकीट फोडले आणि सारे सामान नीट जागच्या जागी आहे हे पाहून मनोमन चाचांना नमस्कार केला. हे जहाज त्यांच्यासाठीच होते.

२

अन्वरचाचा मागच्याच गल्लीत राहत. तरुणपणी ते नौदलात होते, ‘गिरणे’च्या इंजिनरूममध्ये. तिथल्या आगीत त्यांची फुप्फुसे होरपळली होती. ते दुखणे इतकी वर्षे दबून राहिले आणि आता म्हातारपणी उसळून वर आले होते. पलंगाशेजारी ऑक्सिजनचे यंत्र दिवसभर घरघरत असे. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितले होते, की आता दिवस मोजू नका, फक्त चांगले जाऊ द्या.

“आलं सामान?” चाचांनी विचारले.

“आलं. तोफांच्या नळ्या, रेलिंग, सगळं. हॅचची झाकणंसुद्धा सुटी आहेत, वरच्या चाकांसकट.”

“म्हणजे... उघडी ठेवता येतील?”

डेकवरून खाली उतरायला जे चौकोनी भोक असते, ती हॅच. तिला लोखंडी झाकण असते आणि ते घट्ट आवळायला वर आणि खाली चाक.

“कुठलीही ठेवता येईल, चाचा.”

“मग मागच्या इंजिनरूमची हॅच उघडी ठेव. बाकीचं तुझ्या मर्जीनं. आखाजीपर्यंत होईल?”

साबेराचाची सुपारी कातरत होत्या. त्या हसल्या. “झालं, दीर आठवला. संयम, मी लग्न होऊन आले तेव्हा कळलं, की सासू नाही, सासरा नाही. म्हटलं, राज्य करीन! तर हा दीर निघाला. दिसत नाही, बोलत नाही, पण दर आखाजीला त्याची घागर मीच भरते.”

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची नवी घागर भरून ठेवतात, तिच्यावर लहान मडके आणि वर डांगर, म्हणजे खरबूज. मुसलमानाच्या घरात ही घागर कशी, हे संयमने लहानपणी विचारले होते. त्याला उत्तर मिळाले होते, की ज्याची आहे त्याचे दुसरे कोणी नाही. तो कोण, हे चाचांनी आज सांगितले.

“झुलाल. शिरपूरच्या वरचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. आईबाप नव्हते. जहाजावर खान्देशी आम्ही दोघंच.” चाचा थांबले. बोलण्याआधी एक श्वास, बोलून झाल्यावर दोन, असा त्यांचा हिशेब असे. “तेलाला आग लागली. शिडी एकच. मी वरच्या पायरीवर, तो माझ्या खाली. तेलाचा वॉल्व्ह खालूनच बंद करायचा होता, आणि हॅच उघडी राहिली असती तर आगीला हवा मिळाली असती. वर दारूगोळा. त्यानं मला खांद्यानं वर ढकललं. म्हणाला, ‘तू जाय भाऊ, मी शे आठे.’ मी आहे इथं. आणि आतून झाकण ओढून घेतलं. चाक फिरताना मी वरून पाहिलं. त्याच्या भाषेत सांगतो, बठ्ठा वाचनात. सगळे वाचले. तो सोडून.”

सुपारीचा आवाज थांबला होता.

“दुसऱ्या दिवशी हॅच उघडली, तेव्हा मला धरून उभं केलं होतं तिथं. चाक सैल झालं आणि हवा आत गेली. माझ्या डोक्यावरची टोपी ओढली गेली, संयम. एवढा मोठा श्वास! अख्ख्या जहाजानं ऐकला.”

“बंद जागेतली आग विझली, की आतली हवा निवते, चाचा,” संयम हळूच म्हणाला. “दाब कमी होतो. झाकण उघडलं, की बाहेरची हवा आत शिरणारच.”

“असेल. शास्त्र खोटं कशाला बोलेल? पण घेतलेला श्वास माणूस सोडतो ना रे? मी तिथं उभा होतो. तो बाहेर आला नाही. आयुष्यभर कान लावून बसलोय.”

आत काय सापडले, हे संयमने विचारले नाही.

३

लहान जहाज सजवायचे तर ते आधी बिघडवावे लागते. प्लॅस्टिकवरचे ओतीव उंचवटे पात्याने खरवडून काढायचे, तेव्हा कुठे पितळी भागांना जागा मिळते. संयमने मागच्या हॅचचा उंचवटा काढला आणि तिथे मसुराच्या दाण्याएवढे चौकोनी भोक कोरले. अशा भोकाखाली आतून काळ्या रंगाचे एक लहान खोके चिकटवण्याची रीत आहे, म्हणजे पोकळ पोट बाहेरून दिसत नाही. ते खोके त्याने मुद्दाम बसवले नाही. खान्देशच्या उन्हात बंद पोटातली हवा फुगते आणि सांधे उकलतात. म्हणून पोटाला कुठेतरी एक छिद्र ठेवावेच लागते. उघडी हॅच हेच छिद्र, असा विचार त्याने केला. एकाच भोकात चाचांची इच्छा आणि वायूचा नियम दोन्ही बसत होते, याचा त्याला थोडा अभिमानही वाटला.

जहाजाचे दोन्ही अर्धे जुळले, डेक बसला, सांधे पुट्टीने बुजले. आता आत जायला हॅचखेरीज वाट उरली नाही.

दुसऱ्या दुपारी तो रेलिंग घासत होता. पितळेचा पिठासारखा भुगा डेकवर सांडला होता. ब्रशने तो झाडण्यासाठी त्याने हात पुढे केला आणि तसाच आवरला. भुगा सरकत होता. मुंग्यांच्या रांगेसारखी एक बारीक सोनेरी रेघ हॅचकडे निघाली होती आणि काठावरून आत पडत होती.

पंखा बंद होता. खिडकी बंद होती. संयमने आपला श्वास रोखला. रेघ थांबली नाही.

त्याने खालून आजीच्या देवघरातली उदबत्ती आणली आणि हॅचजवळ धरली. धूर वर न जाता मान खाली घातल्यासारखा वाकला आणि बारीक धाग्याप्रमाणे भोकात शिरला.

खोली तापत होती. तापत्या खोलीत पोकळ वस्तूतली हवा फुगून बाहेर यायला हवी. ती आत जात होती, एवढीच काय ती चूक होती. फार लहान चूक. पण परीक्षेत एखाद्या विद्यार्थ्याने असा बाण उलट्या दिशेने काढला असता, तर संयमने त्याचे सगळे गुण कापले असते.

४

त्याने घाई केली नाही. सकाळी, खोली निवलेली असताना पाहिले. धूर आत. भर दुपारी पाहिले. धूर आत. साबणाचे पाणी सगळ्या सांध्यांवरून फिरवले. कुठे बुडबुडा नाही, कुठे ओढ नाही. दुसरे छिद्र नव्हतेच. त्या पोटात जेमतेम एक तांब्या हवा मावली असती. त्यात दिवसभर आत जाणारा धूर कुठे साठत होता? त्याने भिंगातून पाहिले. आत धूर नव्हता. अंधार होता आणि तो अंधार जहाजाच्या पोटापेक्षा खोल दिसत होता. दिवा वाकवून त्याने उजेड आत सोडला, तर उजेडही तळाला लागला नाही. भिंगाने अंतराचा भास बदलतो, असे त्याने स्वतःला समजावले, आणि हे खरेही आहे.

मग ते घडले, जे हा छंद असलेल्या प्रत्येकाच्या हातून एकदा तरी घडते. चिमट्यातून एक भाग निसटला. लहान तोफेची सुईएवढी पितळी नळी डेकवर टणकन आपटली, घरंगळली आणि हॅचमध्ये गेली.

बंद पोटात पडलेला भाग हा जन्माचा शाप असतो. जहाज हलवले की तो आत खुळखुळतो. संयमने हळहळत कान जवळ नेला आणि नळी तळाला पडल्याच्या आवाजाची वाट पाहिली.

आवाज आला नाही.

त्याने दोन्ही हातांनी जहाज उचलले, तिरपे केले, उलटे केले, हळूच हलवले. काहीच वाजले नाही. त्याने पुन्हा कान लावला, या वेळी अगदी हॅचला, आणि कानाच्या पाळीवर ती हवा त्याला जाणवली. गार नव्हे, गरम नव्हे. लहान मूल झोपेत श्वास ओढते, तशी. फक्त ती ओढ संपतच नव्हती. आणि फार खालून, विहिरीच्या तळातून यावा तसा, एक आवाज येत होता. लोखंडावर काहीतरी घासत होते. थांबत होते. पुन्हा घासत होते.

खाली दुकानात रतिलालशेठ कुशीवर वळले, गादी करकरली. आवाज गादीचाच असावा, असे संयमने ठरवले. मग त्याला दिसले, की आपण जहाज टेबलावर ठेवून जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे आहोत. आपण कधी चाललो, हे मात्र त्याला आठवेना.

५

‘गिरणे’ची जुनी छायाचित्रे त्याच्याकडे होती. भर समुद्रातल्या चित्रांत सगळ्या हॅच बंद दिसत. पुरावा असा असताना एकच हॅच उघडी दाखवणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही, असा मुद्दा त्याने मनाशी मांडला. मुद्दा निर्दोष होता. त्याच दुपारी त्याने पितळी झाकण भोकावर बसवले, कडेने सुपरग्लू सोडला आणि वर ज्वारीच्या दाण्याहूनही लहान चाक चिकटवले. चिकटवताना चाकाच्या चार आऱ्यांपैकी एकीला पांढऱ्या रंगाचा ठिपका लागला. ती आरी जहाजाच्या नाकाकडे होती. ठिपका पुसायचा राहून गेला.

उदबत्तीचा धूर सरळ वर गेला. संयमने खिडकी उघडली, पंखा लावला आणि कितीतरी दिवसांनी नीट श्वास घेतला.

संध्याकाळी चाचांचा फोन आला. आवाज फारच बारीक झाला होता.

“ठेवलीस ना उघडी?”

“हो, चाचा.”

“अल्ला तुझं भलं करो,” चाचा म्हणाले आणि मग नुसतेच यंत्र ऐकू येत राहिले. फोन ठेवल्यावर संयमला आपल्या हाताला ग्लूचा वास येतोय, असे वाटत राहिले. खोटे बोलायची त्याला सवय नव्हती, आणि ज्या माणसाने त्याला श्वास शिकवला, त्याच्याशी तर नाहीच.

दुसऱ्या दुपारी पांढरा ठिपका जहाजाच्या डाव्या कुशीकडे होता.

ग्लू ओला असेल, चाक निसटले असेल. त्याने चिमट्याने चाक ढकलून पाहिले. ते दगडासारखे बसले होते.

त्याच्या पुढच्या दुपारी ठिपका जहाजाच्या शेपटाकडे होता. संयम खुर्चीत बसला. डोळे मिटून त्याने कल्पनेने ते चाक हातात धरले आणि कोणत्या बाजूला फिरले असेल, ते ताडून पाहिले. ते आवळले जात नव्हते. कोणीतरी ते सैल करीत होते. आणि डेकवर तर संयमखेरीज कोणी नव्हते.

६

आखाजी उजाडली. ओस्तवालांच्या घरात त्या दिवशी दुहेरी लगबग होती, कारण आजी पानबाईंच्या वर्षीतपाचे पारणे होते. वर्षभर त्यांनी एक दिवसाआड उपवास केला होता. आता उसाचा रस पाजून सगळे नातलग त्यांचा उपवास सोडवणार होते. पाटावर बसलेल्या पानबाई वाळलेल्या शेंगेसारख्या दिसत होत्या आणि डोळे मात्र लखलखत होते.

रसाची चांदीची वाटी त्यांच्यापुढेच होती. कोणाची तरी वाट पाहण्यात वेळ चालला होता.

“आजी, घ्या ना तुम्हीच. घसा कोरडा पडला असेल,” संयम म्हणाला.

“शिकून एवढा मोठा झालास आणि हे माहीत नाही?” पानबाई हसल्या. “उपास आपल्या हातानं धरता येतो, बाबा. सोडता येत नाही. तो दुसऱ्यानंच सोडवावा लागतो. म्हणून तर तुम्हा लोकांची गरज. नाहीतर तुम्हाला कोण विचारतंय!”

सगळे हसले. संयम हसला नाही. त्याने वाटी उचलली, आजीच्या ओठांना लावली, आणि त्या पहिला घोट घेत असताना त्यांच्या गळ्याची हालचाल तो पाहत राहिला. मग त्याने त्यांच्या पायांवर डोके ठेवले, नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ.

“काय रे?” पानबाईंनी विचारले.

“काही नाही. बरं सांगितलंत.”

तो माळ्यावर गेला. ठिपक्याकडे त्याने पाहिले नाही. जहाज खोक्यात ठेवले, खिशात पाते घातले आणि तो उन्हात बाहेर पडला.

७

चाचांच्या खोलीत गरम वाऱ्याची लू येऊ नये म्हणून बाहेरची दारे-खिडक्या बंद होत्या. कोपऱ्यात नवी घागर होती, तिच्यावर मडके, वर डांगर. बाहेरून ओली, गार, मातीचा वास सोडणारी.

“घागर भरली,” साबेराचाची म्हणाल्या. “इतरांसारखी आगारी आम्ही टाकत नाही. विस्तवात घास नको त्याच्या नावानं. आगीनं पुरे झालं त्याचं.”

संयमने जहाज पलंगावर चाचांच्या मांडीजवळ ठेवले. त्यांचे बोट हवेतच रेलिंगवरून फिरले, धुराड्यावर चढले, मागे आले. मग त्यांनी भिंग मागितले.

“बंद केलीस,” ते म्हणाले.

“मी खोटं बोललो, चाचा. मला भीती वाटली. हवा आत जात होती. थांबतच नव्हती.”

चाचांनी भिंग खाली केले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याला आपल्या गावचा माणूस परगावी भेटावा, तसे काहीतरी होते.

“म्हणजे तूही ऐकलास.”

तेवढ्यात वीज गेली. ऑक्सिजनचे यंत्र एकदा किंचाळले आणि गप्प झाले. “या अल्ला, सिलिंडर!” म्हणत चाची आतल्या खोलीकडे धावल्या. संयमही उठला, पण चाचांनी त्याचे मनगट पकडले.

“सिलिंडर ती आणते. तू... उघड.”

संयमने पाते झाकणाखाली सरकवले. ग्लूचा टिचकन आवाज झाला आणि झाकण मागे पडले.

हवा आत गेली. या वेळी धागा नव्हता, भुगा नव्हता. आतल्या दारावरचा पडदा खोलीच्या आत ओढला गेला. उशीवरचा रुमाल सरकला. संयमच्या तोंडातला श्वास ओठांवरून निघून गेला आणि चाचांची छाती वर आली, ती वरच राहिली. त्यांचे डोळे विस्फारले होते. खोली भरलेली आणि रिकामी, दोन्ही वाटत होती. त्या शांततेत खालून लोखंडावर घासल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. पूर्वीपेक्षा पुष्कळ जवळ.

पळून जावे, असे संयमला वाटले. त्याऐवजी तो पलंगापाशी उकिडवा बसला, त्या मसुराएवढ्या काळोखापाशी तोंड नेले, आणि ओट्यावर बसलेल्या एका पोराला कोणीतरी एकदा ज्या आवाजात सांगितले होते, त्याच आवाजात म्हणाला,

“घाई करू नको, भाऊ. आधी आतला सोड.”

चाचांच्या हातातले भिंग हॅचवर आले होते. त्यातून त्याला एक शिडी दिसली. त्याने शिडी बसवलेली नव्हती. ती खाली जात होती, जहाजाच्या तळाखाली, पलंगाखाली, जमिनीखाली. आणि तिच्या सर्वांत वरच्या पायरीवर, उजेडाच्या कडेला, चार बोटे होती. घट्ट धरलेली, पांढरी पडलेली. त्याने पाहिले तेव्हाच ती सुटली.

आणि श्वास बाहेर आला.

तो गरम होता. तेलाचा, ओल्या लोखंडाचा, खाऱ्या पाण्याचा वास त्याला होता. समुद्रापासून इतक्या दूर, बंद खोलीत, तो येत राहिला. पडदा दाराबाहेर फुगला, कॅलेंडरची पाने फडफडली, घागरीवरच्या डांगराखाली पाणी डुचमळल्याचा आवाज आला. एक तांब्या हवा केव्हाच संपायला हवी होती. श्वास संपत नव्हता. तो एका माणसाच्या छातीतला नव्हे, एका अख्ख्या आयुष्यातला होता. मग तो हळू झाला, आणखी हळू झाला आणि झोपी गेलेल्याचा संपावा तसा संपला.

चाचांची छाती खाली आली होती. ते यंत्राशिवाय श्वास घेत होते, सावकाश, पुन्हा पुन्हा, तहानलेला पाणी पितो तसे. गालांवरून पाणी वाहत होते.

“निघाला,” ते म्हणाले. “शुक्रिया, बेटा. निघाला तो.”

चाची सिलिंडर ओढत आल्या आणि दोघांकडे बघत दारातच थांबल्या. काही वेळाने वीज आली. घागर नेहमीप्रमाणे तहानलेल्यांसाठी ओट्यावर ठेवायची, म्हणून चाचींनी ती उचलायला दोन्ही हात घातले आणि त्या तोल जाऊन मागे आल्या. घागर हलकी होती. आत थेंब नव्हता, आणि खालची फरशी कोरडी होती.

मातीच्या भांड्यातून किती पाणी पाझरते, किती उडून जाते, हे गणित संयमला येत होते. त्याने ते सुरू केले, आणि अर्ध्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, आपणहून सोडून दिले.

८

जहाज चाचांच्या उशाशी राहिले. ते उचलून ठेवताना आत काहीतरी टणकन वाजले, तेव्हा संयमला हसू आले. नळी परतली होती. जो खुळखुळाट ऐकून हौशी माणूस कपाळावर हात मारतो, तो त्याला मंदिरातल्या घंटेसारखा गोड वाटला. त्याने उदबत्ती लावून पाहिली. धूर सरळ वर गेला.

चाचा पावसाळा लागेपर्यंत होते, डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ अधिक. ते दिवस चांगले गेले. ते बोलत, हसत, रतिलालशेठना बोलावून पत्ते खेळत आणि हरले की आपले जहाज घेऊन निघून जाण्याची धमकी देत. एका सकाळी चहा घेऊन त्यांनी श्वास सोडला आणि दुसरा घेतला नाही. चाची म्हणाल्या, की त्यांना घाई दिसली नाही.

चाळिसावा दिवस झाल्यावर संयम भेटायला गेला. चाची उशाजवळचे फडताळ पुसत होत्या. त्यांनी जहाज अलगद उचलले आणि तिरपे होताच आत वाजले.

“काय रे हे? दर वेळी वाजतं.”

“तोफेची नळी आहे, चाची. माझ्याच हातून पडली होती.”

“ती ठाऊक आहे मला. टणकन वाजते ती.” चाचींनी जहाज दुसऱ्या बाजूला कलवले. “हे ऐक.”

नळी वाजली. आणि तिच्या मागोमाग, तिच्याहून जड, तिच्याहून सावकाश, आणखी काहीतरी घरंगळत आले आणि तिच्याशेजारी थांबले.

संयमने जहाजात दुसरे काहीही टाकले नव्हते. हॅचमधून पाहावे, म्हणून त्याचा हात भिंगाकडे गेला. भिंग चाचांच्या चष्म्याशेजारीच होते. त्याने ते उचलले, पुसले आणि पुन्हा जागेवर ठेवले.

“झाकण बसवून टाकू का रे?” चाचींनी विचारले. “धूळ जाते आत.”

“नको,” संयम म्हणाला. “उघडंच राहू द्या. जायला-यायला बरं.”

चाचींनी त्याच्याकडे पाहिले, मग जहाजाकडे, आणि पदराने डोळे टिपत त्या हसल्या. “म्हणजे पुढल्या आखाजीला माझ्या डोक्याला दोन घागरी!”

“एक मी भरीन,” संयम म्हणाला.